लॉकडाऊनमध्ये रोजचा एक छोटा आनंद घरात कसा बसवायचा: सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी, टप्प्याटप्प्याने

कोरोनामुळे मागच्या वर्षी २५ मार्चला २१ दिवसांसाठी म्हणून जे सुरू झालं ते मे संपेपर्यंत लांबत गेलं, आणि आता २०२१ च्या एप्रिलमध्ये परत तेच, किराणा-भाजी सकाळी ७ ते ११, बाकी दिवस घरात. आणि लोक परत तीच चूक करायला लागलेत म्हणून हे सविस्तर लिहितेय. फोनवर कुणाशीही बोललं की ऐकायला मिळतं, "ठरवलं होतं गं बरंच, पण काही होईनाच." ठरवलेलं काय असतं, तर योगासनं, गिटार, केक, इंग्लिश स्पीकिंग, कपाटं आवरणं, सगळं एकदम आणि सगळं सोमवारपासून. चार दिवसांत ते बंद पडतं, मग दिवसभर मोबाइल, बातम्यांमधले आकडे, ग्रुपवर फिरणारे मेसेज, आणि रात्री झोप नाही.

एरवी दिवसात छोटे आनंद आपोआप यायचे कारण आपण बाहेर पडायचो. नवी पेठेत कामाला गेलं की ओळखीचं कुणीतरी भेटायचं, पार्क चौकात काहीतरी खाणं व्हायचं, संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे एक चक्कर व्हायची. हे कुणी ठरवून करत नव्हतं. आता बाहेर पडणं बंद आहे म्हणून तेच घरात बसून, ठरवून, तयारीने करावं लागतं, आणि त्याला क्रम आहे. बहुतेकांचा क्रम इथेच चुकतो की आधी काय करायचं ते ठरवतात आणि कुठे, कधी, कुणाचे हात लागणार हे नंतर बघू म्हणतात. ते उलटं करायचं.

सुरू करण्याआधी

घरात कुणी पॉझिटिव्ह असेल तर आधी त्याचं औषधपाणी, ताप, ऑक्सिजन यांची नोंद लागू द्या. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली राहायला लागला तर आनंद वगैरे बाजूला, थेट डॉक्टरांना फोन. घरात किंवा जवळच्यांत कुणी गेलं असेल तर हा लेख आत्ता वाचू नका, महिनाभराने वाचा, दुःखावर घाईघाईने काहीतरी गोड लावायचं नसतं.

आणि दोन आठवडे झाले तरी जेवण जात नाही, झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं असं असेल तर ते चटणी कुटून किंवा चांदण्या बघून जाणारं नाही. त्यासाठी २०२१ मध्ये सरकारची किरण हेल्पलाइन होती, आता सरकारचीच टेली-मानस आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत. फोन करण्यात कमीपणा अजिबात नाही.

बाकी सगळ्यांनी पुढे चला. सामान एवढंच, एक जुनी वही, पेन, भिंतीवरचं कॅलेंडर.

टप्पा १: एक दिवस घराची पाहणी करा, बाकी काही करू नका

हा टप्पा सगळेजण गाळतात, आणि नेमका हाच गाळायचा नसतो. एका दिवसात चार वेळा वही घेऊन घरभर फिरा: सकाळी साडेसहा, अकरा, दुपारी चार, रात्री साडेसात. प्रत्येक वेळी लिहा, ऊन कुठपर्यंत आलंय, वारा कुठून येतोय, आवाज कसला आहे, कोण कुठे बसलंय, आणि कुणाचे हात रिकामे आहेत. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं कारण पुढे येईलच.

सोलापुरात हे का लागतं, तर आपला उन्हाळा. एप्रिल-मेला पारा ४२-४३ ला सहज जातो, सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो नि आठ वाजेपर्यंत चटके बसायला लागतात. संध्याकाळी पावणेसातला मावळतो पण स्लॅब त्यानंतर तासभर तरी तापलेलाच असतो. लोक काय करतात, कुठलातरी व्हिडिओ बघून "संध्याकाळी पाच वाजता गच्चीत चहा" असं ठरवतात आणि डोकं धरून खाली येतात. आपल्याकडे गच्ची दोनदाच वापरायची, सकाळी आठच्या आत आणि रात्री पावणेआठनंतर. पत्र्याचं घर असेल तर दुपारी बारा ते पाच आत काही ठरवूच नका, त्या वेळेत पडून राहणं हेच बरोबर आहे.

घर छोटं असेल तर? होटगी रोडला, जुळे सोलापुरात स्वतःची गच्ची असलेली घरं आहेत, पण पूर्व भागात दोन खोल्यांत सहा माणसं, त्यातच विड्या वळायचं सूप नाहीतर शिलाईचं मशीन, हेही सोलापूरच आहे. तिथे स्वतःचा कोपरा मिळणार नाही, मागूही नका, भांडणं होतात. जागेऐवजी वेळ मागा. दारापुढच्या ओट्यावरची सकाळची वीस मिनिटं, जिन्याच्या वरच्या पायरीवरची रात्रीची वीस मिनिटं, एवढी वेळ एका माणसाची असं घरात बोलून ठरतं. माझ्या मते ओटा हा गच्चीपेक्षा चांगला, सावली असते आणि येणाजाणारं कुणी लांबून का होईना दिसतं. फक्त मास्क लावून बसायचं आणि ओट्यावर शेजाऱ्यांची बैठक भरवायची नाही.

अजून एक नोंद, नळाचा दिवस. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात कुणालाच उसंत नसते, टाकी, पिंप, हंडे, कळश्या, धुणं सगळं त्याच वेळेत. तो दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा. त्या दिवशीच्या वेळेत काहीही ठरवायचं नाही. नाहीतर काय होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी येतं, ठरवलेलं मोडतं, आणि एकदा मोडलं की माणूस परत लागत नाही.

तपासणी: रात्री झोपताना वहीत तीन गोष्टी दिसायला हव्यात, एक जागा, एक वेळ, आणि त्या वेळेला येऊ शकणारी एक अडचण. तिन्ही नसतील तर उद्या परत पाहणी. घाई नाही, कुठे जायचंय?

टप्पा २: एकच निवडा, आणि चार प्रश्न विचारून निवडा

एकच. दोन नाही. दुसरं आठवड्याने.

पहिला प्रश्न, सामान आत्ता घरात आहे का. सकाळची ती चार तासांची वेळ दूध, भाजी, औषधासाठी आहे. तुमच्या हौसेसाठी कुणी रांगेत उभं राहून धोका पत्करत असेल तर ती हौस महागात पडेल. जे घरात आहे त्यातूनच.

दुसरा, ते स्वतःहून संपतं का. चहाचा कप संपतो, चटणी कुटून होते, दिवा लावून होतो. वेबसिरीज संपत नाही, रील्स तर संपतच नाहीत, एकातून दुसरं. जे आपोआप संपत नाही त्यातून उठताना माणूस चिडलेला असतो. पंधरा-वीस मिनिटांत स्वतःहून संपणारं घ्या.

तिसरा, त्याने दुसऱ्याच्या डोक्यावर काम पडतं का. इथे थांबून सांगते कारण मराठी घरांत सगळ्यात जास्त गडबड इथेच आहे. एकाला भजी खावीशी वाटतात, एकाला डालगोना (फेटून फेस आणलेली) कॉफी करून बघायची असते, पोरांना केक हवा असतो, आणि प्रत्येकाचा छोटा आनंद झाला की स्वयंपाकाच्या ओट्यावर भांडी, तेलाचे डाग, फेटायची भांडी, ती कोण घासतं? मागच्या वर्षी धुणंभांड्याच्या मावशींना बऱ्याच घरांनी सुट्टी दिली होती, आता परत दिलीये, म्हणजे घरातल्या बाईलाच. तिचा दिवस चहाने सुरू होतो आणि रात्रीच्या ओट्याने संपतो, तिच्या वहीत "हात रिकामे" असं कुठल्याच वेळेला येत नाही. म्हणून पाहणीत तो रकाना ठेवला. नियम साधा, ज्याचा आनंद त्याने मांडायचं आणि त्यानेच आवरायचं. आणि घरात ज्या माणसाचे हात दिवसभर रिकामे दिसले नाहीत त्याचा आनंद आधी बसवायचा, बाकीच्यांचे मागून.

चौथा, डोळ्यांशिवाय अजून कशाला तरी काही मिळतं का, म्हणजे वास, चव, हाताला स्पर्श, कानाला आवाज. दिवसभर डोळे स्क्रीनवर असतात, परत डोळ्यांनाच काम दिलं तर बदल वाटत नाही.

चारही उत्तरं बरोबर आली तरच पुढे. तीन आली तर बदला. "जमवून घेऊ" म्हणून पुढे गेलेली माणसं आठवड्यात थांबतात.

टप्पा ३: आदल्या रात्री मांडून ठेवा

सकाळी उठल्यावर "आता डबा कुठेय, ते फडकं कुठेय" हे शोधण्यात निम्मा उत्साह जातो. रात्री जेवणं झाली, मागचं आवरलं की पाच मिनिटं त्यासाठी द्या. लागणाऱ्या वस्तू एका ताटात नाहीतर टोपलीत ठेवून ठरलेल्या जागी ठेवायच्या. गच्चीत बसायचं असेल तर घडी केलेली चादर जिन्यापाशी. ओट्यावर बसायचं असेल तर पाट दाराशी.

याच वेळी मोबाइलचं बघा. तो त्या जागेपासून दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लागायला हवा. सायलेंट करून खिशात ठेवणं चालत नाही, हात जातोच. घरचं कुणी दवाखान्यात असेल तर अर्थातच जवळ ठेवा, पण मग रिंग चालू ठेवून स्क्रीन पालथी.

टप्पा ४: वेळेला आधीपासून होणाऱ्या गोष्टीशी बांधा

"सकाळी ६.४०" असं घड्याळाला बांधलं तर एखाद्या दिवशी उशिरा उठलात की तो दिवस गेला. त्यापेक्षा जे रोज होतंच त्याच्या पाठोपाठ ठेवा, पहिला चहा झाला की, देवापाशी दिवा लागला की, दुपारची भांडी पालथी घातली की, रात्री गेटला कुलूप लावलं की. घरात कुणाचे रोजे चालू असतील तर सहरी नाहीतर इफ्तारनंतरची वेळ उत्तम, कारण सगळं घर तेव्हा जागंच असतं.

इशारा: बातम्यांच्या पाठोपाठ ठेवू नका. आकडे ऐकून आलेलं मन कशातच बसत नाही. बातम्या बघायच्याच असतील तर दिवसातून एकदा, आणि आनंदाच्या वेळेनंतर निदान दोन तासांनी. झोपायच्या आधी तर नाहीच.

टप्पा ५: प्रत्यक्ष करणं

तीन उदाहरणं पूर्ण देते, तिन्ही सोलापुरात बिनखर्चाने होणारी. यातलं एकच घ्यायचं हे परत सांगते.

*शेंगदाण्याची चटणी, खलबत्त्यात*

विकतची आणून खाणं वेगळं, इथे कुटणं हाच आनंद आहे, चटणी वरून मिळते. एक वाटी शेंगदाणे, आठ-दहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, दोन चमचे लाल तिखट, मीठ. शेंगदाणे आदल्या रात्रीच भाजून ठेवा, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, सालं तडकून काळसर ठिपके दिसेपर्यंत, मोठ्या आचेवर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. रात्रभर गार होऊ द्या. सकाळी ताटात घेऊन तळहाताने चोळा, सालं सुटतात, मग दारात किंवा गच्चीत उभं राहून सूप असेल तर पाखडा, नसेल तर ताट तिरकं धरून फुंकर मारा.

आता कुटायचा क्रम. आधी लसूण, जिरं आणि मीठ एकत्र, ओबडधोबड. मग तिखट. मग शेंगदाणे मूठ-मूठ, एकदम सगळे नाही. पहिली मूठ घातल्यावर नुसतं कूट दिसतं, कोरडं, बत्ता टपटप वाजतो. कुटत राहिलं की आवाज बदलतो, जड होतो, बत्त्याला चटणी चिकटायला लागते आणि कडेने तेलाची चकाकी दिसते, त्याच वेळी भाजक्या लसणाचा नसला तरी तसाच काहीसा खमंग वास वर येतो. तिथे थांबायचं. बोटांनी दाबली की गोळा झाला पाहिजे आणि सोडला की मोडला पाहिजे.

नेहमीच्या चुका: गरम शेंगदाणे कुटणं, त्याचा चिकट लगदा होतो. मिक्सर लावून एकदम फिरवणं, तेच होतं, आणि वीस मिनिटांचं काम वीस सेकंदांत संपून हातात काहीच उरत नाही. दुपारी कुटणं, शेजारी कुणी आजारी झोपलेलं असतं, सकाळचीच वेळ ठेवा. आणि खलबत्ता न धुता तसाच ठेवून जाणं. टप्पा २ मधला तिसरा प्रश्न आठवा.

खाताना कडक भाकरीचा तुकडा, चटणी, वर थोडं दही. पहिला घास उभ्याने खाऊ नका, बसून खा.

*पाखरांसाठी पाणी*

मातीचं पसरट परळ घ्या, नसेल तर जुन्या कुंडीखालची ताटली. खोली चार-पाच सेंटिमीटरच हवी, खोल भांड्यात चिमणी उतरत नाही. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे पाय टेकायला जागा होते. स्टीलचं भांडं उन्हात ठेवू नका, पाणी तापतं. जागा सावलीची, मांजर उडी मारून पोचणार नाही अशी, आणि तुम्हाला आतून बसून दिसेल अशी. पाणी टंचाईचं काय, तर दिवसाला एक तांब्या पुरतो, तेवढं जातंच.

रोज सकाळी पाणी ओतून टाका (झाडाच्या बुडाशी), भांडं बोटांनी किंवा नारळाच्या शेंडीने घासा, नवीन भरा. दोन दिवस तसंच ठेवलं की बुळबुळीत होतं, आणि आठवडा ठेवलं की डासांच्या अळ्या होतात, डेंग्यूचे डास याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. शेजारी मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी टाकली तर चालते. फरसाण, खारी, बिस्किटं नकोत.

मग बसा, पण लांब, आणि हालचाल न करता. पहिल्या दिवशी कुणी येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही नाही आलं तर जागा बदलू नका, इथेच सगळे चुकतात, रोज जागा बदलतात आणि पाखरांना ती कळेपर्यंत परत हलवतात. एक आठवडा एका जागी. आधी बहुतेक साळुंक्या नाहीतर चिमण्या येतात, मग बुलबुल. रस्त्यावर गाड्या नसल्यामुळे या दिवसांत आवाज ओळखणं सोपं झालंय: कोकीळ सगळ्यांनाच कळतो, पण कुणीतरी लांबवर एकसारखं टुक-टुक-टुक ठोकतंय असं वाटलं तर तो तांबट, पिंपळ-वडाच्या वरच्या फांदीत शोधा, आकाराने चिमणीएवढाच, अंगाने हिरवा, कपाळावर लाल ठिपका. सापडायला वेळ लागतो. सापडला की मात्र पूर्ण दिवस चांगला जातो हे खात्रीने सांगते.

*रात्रीचं आकाश*

ज्यांना दिवसा अजिबात वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हे. रात्री आठ-सव्वाआठला गच्चीत नाहीतर मोकळ्या अंगणात, लाइट बंद करून, डोळ्यांना दहा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. या दहा मिनिटांत मोबाइलचा टॉर्च एकदा जरी लावला तरी परत शून्यापासून.

मग असं बघत जा. उत्तरेला तोंड करा, उजव्या हाताला वर सप्तर्षी दिसतील, पतंग आणि त्याची वाकडी शेपटी. शेपटीचा बाक तसाच पुढे पूर्वेकडे ओढत न्या, नारिंगी ठळक तारा लागेल तो स्वाती. तोच बाक आणखी पुढे आग्नेयेकडे न्या, पांढरट निळसर तारा, ती चित्रा. सत्तावीस नक्षत्रांतली दोन एका ओळीत झाली. आता सप्तर्षींच्या पतंगाचे शेपटीपासून लांबचे दोन तारे जोडून ती रेघ उत्तरेला खाली ओढा, ध्रुव. तो सोलापुरातून फार वर दिसत नाही. हात सरळ पुढे करून मूठ धरली तर एक मूठ साधारण १० अंशांची होते, आणि आपलं गाव साडेसतरा अंशांच्या थोडं पुढे आहे, म्हणजे क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर. मुठीवर मूठ ठेवून मोजा, पोरांना हे फार आवडतं. पश्चिमेला मृग मावळताना दिसेल आणि त्याच्या डावीकडे व्याध, रात्रीच्या ताऱ्यांमधला सगळ्यात तेजस्वी.

पहाटे उठणारे असाल तर या महिन्यात (एप्रिल २०२१) पाचला आग्नेयेला बघा, सगळ्यात ठळक आणि न लुकलुकणारा तो गुरू, त्याच्या उजवीकडे जरा वर मंद पिवळसर तो शनी.

चुका: पहिल्याच रात्री सगळं शोधायला जाणं. एका रात्री एकच, पहिली रात्र फक्त सप्तर्षी. ॲप उघडून बघणं, त्याने डोळे परत दिपतात. आणि यंदा, २०२१ मध्ये, २७ एप्रिलला हनुमान जयंती म्हणजे पौर्णिमा आहे, त्याच्या मागेपुढे दोन-तीन दिवस तारे फिके पडतात, त्या दिवसांत चंद्रच बघा, तारे दिसत नाहीत म्हणून सोडून देऊ नका.

आमच्या पलीकडच्या गच्चीतल्या पोराने विचारलं, "काय करलालाव ओ काकू, रेंज शोधलालाव का?" त्याला तिथूनच ओरडून स्वाती दाखवली. आता तो स्वतःच्या गच्चीतून त्याच्या आजीला दाखवतो. गच्चीवरून गच्चीवर बोलायला सहा फुटांपेक्षा जास्तच अंतर असतं, एवढी गोष्ट या दिवसांत बिनधोक आहे.

तिन्हींपैकी काहीच जमत नसेल तर आकाशवाणी सोलापूर लावून एक कार्यक्रम पूर्ण ऐका, नाहीतर कुरडया-सांडगे घालायचेच असतील तर सकाळी साडेसहाला घालून पहिलं ऊन त्यांच्यावर येईपर्यंत शेजारी बसा. यांना वेगळी तयारी लागत नाही.

टप्पा ६: आठवडा झाला की घरातल्यांना जोडा, पण सगळ्यांना एकत्र नको

आपलं एक नीट बसलं, म्हणजे आठवड्यात चार-पाच वेळा झालं, की मगच दुसऱ्या माणसाला बोलवा. एका वेळी एकच माणूस. सगळं घर एकदम बसवलं की ती मीटिंग होते, कुणीतरी उपदेश सुरू करतं, कुणीतरी मोबाइल काढतं.

म्हातारी माणसं असतील तर त्यांना "या, बघा" म्हणून बसवू नका, त्यांच्याकडून काहीतरी घ्या. आईला, सासूबाईंना विचारा की चटणीत तीळ घालायचे का, त्यांच्या घरी कसं करायचे. मग त्या स्वतःच खलबत्ता ओढून घेतात.

मुलांसाठी मे महिन्यात एक खास गोष्ट आहे. १० किंवा ११ मेला दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांच्या सुमाराला सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते, दिसतच नाही. शून्य सावलीचा दिवस. तयारी आदल्या दिवशी करा: सपाट फरशी शोधा, स्टीलचा उभा डबा किंवा पाइपचा तुकडा ठेवून तो सरळ उभा राहतोय का बघा, खाली कागद. ९ मेपासून रोज बारा ते साडेबारा दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक पेन्सिलने ठिपका देऊन खुणवा, म्हणजे नेमका दिवस कोणता ते मुलांनाच कळेल. ठिपका दिला की सावलीत यायचं, टोपी नाहीतर ओला पंचा डोक्यावर, पाण्याची बाटली जवळ. सूर्याकडे बघायचं नाही, सगळं बघणं खाली कागदावर. हा योग वर्षात दोनदा येतो पण दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा ढग असतात.

घरात कुणी वेगळ्या खोलीत असेल तर त्याला विसरू नका. जेवणाच्या ताटाबरोबर रोज एक चिठ्ठी ठेवा, आज परळावर कोण आलं, चटणीत मीठ जास्त झालं, एवढंच दोन ओळी. आजारावर काही लिहू नका, ते त्याला दिवसभर पुरेसं असतं. ठरलेल्या वेळी दाराच्या अलीकडे बसून पाच मिनिटं बोला, दार बंदच, मास्क दोन्हीकडे. त्याच्या खिडकीतून आकाश दिसत असेल तर तुम्ही गच्चीतून आणि तो खिडकीतून एकच तारा बघा, फोनवर बोलत.

तपासणी: कुणी नाखुशीने बसतंय का? मग त्याला सोडा. त्याचं त्याला निवडू द्या.

टप्पा ७: बंद पडलं तर

पडेलच. पाहुण्यांकडून वाईट बातमी येते, घरात ताप येतो, कामावरून कमी केल्याचा फोन येतो. त्यात चार-आठ दिवस जातात. परत सुरू करताना लोक भरपाई करायला जातात, राहिलेल्या दिवसांचं एकदम, किंवा आता जरा मोठं काहीतरी करू म्हणून. तसं करू नका. परत टप्पा ३ पासून, तेच आणि तेवढंच, रात्री ताट मांडून. तीन दिवस मांडून ठेवलं आणि तरी सकाळी हात लावावासा वाटला नाही तर निवड चुकलीय, टप्पा २ ला जा आणि दुसरं घ्या. पाहणी परत करायची गरज सहसा पडत नाही. फक्त मे उजाडला की एकदा बघा, ऊन सरकलेलं असतं, एप्रिलमधली सावली त्या जागी राहत नाही.

निर्बंध उठल्यावर कामाची धावपळ सुरू होईल तेव्हा वेळ वीसवरून दहा मिनिटांवर आणा, पण ज्याच्या पाठोपाठ बांधलंय ते बदलू नका. चटणी रविवारी कुटा. पाखरांचं भांडं मात्र मध्येच काढू नका, त्यांना तिथे यायची सवय लागलेली असते आणि जून येईपर्यंत बाहेर कुठे पाणी नसतं. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की मग परळ धुवून, वाळवून पालथं ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी साठून त्यात डास होतात.